निचरा : शस्त्रक्रियेनंतरची सूज आणि हातांचा उपचार

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भौतिकोपचार विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत वर्षभरातील शस्त्रक्रियांची संख्या, नव्या यंत्रसामग्रीची माहिती आणि खाटांचा हिशेब आपल्यासमोर ठेवला जातो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र ज्या उपचाराविषयी बोलण्याची संधी मला मिळाली आहे, त्याला यंत्र लागत नाही, खाट लागत नाही, बहुधा औषधही लागत नाही. त्याला लागतात दोन प्रशिक्षित हात, काही पट्ट्या आणि पुरेसा वेळ. हा उपचार म्हणजे शरीरात साचलेल्या लसिकेचा हाताने निचरा करणे. इंग्रजीत त्याला ‘मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज’ म्हणतात. आपल्या बोलण्यात त्याला ‘निचरा मालिश’ म्हटले तरी चालेल. पण आपल्या परिचयाच्या मालिशीशी त्याचे साम्य फार थोडे आहे, हे मी पुढे सांगणार आहे.

हा विषय आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा का, ते आधी पाहू. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण या गावाची वाट चालत आले आहेत. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे कराडलाही मोठे रुग्णालय व महाविद्यालय उभे राहिले. पाटण-जावळीकडच्या अनेक घरांतील माणसे मुंबईत नोकरीस असल्याने तेथील रुग्ण टाटा रुग्णालयापर्यंतही पोहोचतात. सारांश, कर्करोगाची शस्त्रक्रिया आज सातारा-सांगलीच्या माणसाला अप्राप्य राहिलेली नाही. उणीव आहे ती शस्त्रक्रियेनंतरच्या काळात. टाके निघतात, किरणोपचार संपतात, रुग्ण घरी जातो. त्यानंतर काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, एक निराळीच तक्रार डोके वर काढते.

स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेली एखादी भगिनी सांगते, “त्या हातात बांगडी चढत नाही.” दुसरी सांगते, “पोलक्याची एकच बाही घट्ट होते.” कोणाला हात जड वाटतो, कोणाला दिवस मावळताना ठणका लागतो. पुष्कळ जणी हे कोणालाच सांगत नाहीत. रोग परत आला असावा, ही धास्ती मनात असते आणि ती खरी ठरू नये म्हणून तोंड मिटलेले असते. घरच्यांनाही वाटते, एवढे मोठे संकट टळले, आता हाताच्या सुजेचे काय घेऊन बसायचे? वास्तविक ही सूज बहुतेक वेळा रोग उलटल्याची नसते. तरीही डॉक्टरांकडून तशी खात्री करून घेणे आवश्यक असते. रोग उलटला नसेल, तर त्या सुजेला लसिकाशोथ म्हणतात, आणि लवकर हाती आला तर तो पुष्कळ आटोक्यात ठेवता येतो.

लसिका म्हणजे काय?

पायाला काटा रुतून पिकले की जांघेत अवधाण येते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. अशा सुमारे सहाशे ग्रंथी आपल्या शरीरात काखेत, जांघेत, मानेत, पोटात व छातीत पसरलेल्या आहेत. केशवाहिन्यांतून रक्तातील पाणी व प्रथिने सतत पेशींच्या आसपास झिरपत असतात. त्यातला जो भाग रक्तवाहिन्यांत परत जात नाही तो लसिका वाहिन्या गोळा करतात, ग्रंथींतून गाळून घेतात आणि मानेच्या मुळाशी, मोठ्या निळ्या रक्तवाहिनीत नेऊन सोडतात. दिवसाकाठी सुमारे दोन ते चार लिटर द्रव या मार्गाने रक्तात परत येतो. रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसिकेला तसा स्वतंत्र पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे संथ आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्या बळावर ती वाहते.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढाव्या लागतात, किरणोपचाराने उरलेल्या वाहिन्यांवर व्रण येतात, आणि हाताकडून येणारा मार्ग अरुंद होतो. काखेतील गाठी पूर्णतः काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचातील एकीला पुढे हातावर सूज येते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. पहारेकरी ग्रंथी म्हणून निवडक गाठीच काढल्या, तर हे प्रमाण विसात एकाच्या आसपास येते. आपल्याकडे अनेक रुग्ण उशिरा येतात. त्यामुळे निवडक गाठींवर भागत नाही आणि काख पूर्ण मोकळी करावी लागते.

वाळवा, मिरज या तालुक्यांतील शेतकऱ्यांना हे समजावून सांगणे मला अगदी सोपे जाते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला पाणी वर्षानुवर्षे दिले गेले, पण ते निघून जाण्याची वाट कोणी केली नाही. मग पाणी मुळाशी साचले, क्षार वर आले आणि चांगली पिकाऊ जमीन क्षारपड झाली. लसिकाशोथात हेच घडते. साचलेल्या द्रवात प्रथिने राहतात, त्यांच्यामुळे कातडीखाली तंतू आणि चरबी वाढते. सुरुवातीला बोटाने दाबल्यास खळगा पडणारी मऊ सूज काही वर्षांत टणक होते. मऊ असताना उपचार केला तर फायदा लवकर दिसतो. जमीन पांढरी पडल्यावर ती सुधारायला किती कष्ट लागतात, हे शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

हलका हात

सतराव्या शतकात, १६२२ मध्ये, गास्पारे आसेल्ली या इटालियन वैद्याने कुत्र्याच्या आतड्यालगतच्या दुधाळ वाहिन्या प्रथम पाहिल्या. पुढील तीस-पस्तीस वर्षांत युरोपातील शरीरशास्त्रज्ञांनी लसिका वाहिन्यांचे सर्वांगावरील जाळे दाखवून दिले. तरी उपचाराच्या दृष्टीने हा भाग फार काळ दुर्लक्षित राहिला. १८९२ मध्ये आलेक्झांडर फॉन विनिवार्टर या ऑस्ट्रियन शल्यविशारदाने अशा सुजेसाठी स्वच्छता, दाब देणारी पट्टी व मालिश यांचा एकत्र पुरस्कार केला. १९३० च्या दशकात एमिल व एस्ट्रिड वॉडर हे डॅनिश दांपत्य फ्रान्समधील कान येथे जुनाट सर्दीच्या रुग्णांवर काम करीत होते. मानेतील सुजलेल्या ग्रंथींना हात लावू नये, असा त्या वेळी दंडक होता. त्यांनी अत्यंत हलक्या, गोलाकार हालचालींनी तेथे मालिश करून पाहिली आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये आपली पद्धत लोकांसमोर मांडली. पुढे जर्मनीत डॉ. मिखाएल फोल्डी यांनी या मालिशीला पट्टी, व्यायाम व त्वचेची निगा यांची जोड देऊन संपूर्ण उपचारपद्धती बसवली. आज जगभर बहुतांशी तीच वापरली जाते.

या पद्धतीत दाब इतका कमी का असतो, हे समजून घ्यावे. लसिकेच्या सर्वांत बारीक वाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात. त्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींवर कौलांसारख्या रचलेल्या असून बारीक तंतूंनी भोवतालच्या पेशीजालाशी बांधलेल्या असतात. कातडी हळुवार ताणली की हे तंतू ओढले जातात, फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. जोराने दाबले तर त्या चिमटतात. म्हणून आमच्या हाताचा दाब मिरजेच्या तंबोऱ्यावर फिरणाऱ्या बोटांइतका बेताचा असतो. तार छेडायची, ओढायची नाही. तेलही लावीत नाही, कारण हात कातडीवरून घसरून चालत नाही. कातडी हातासोबत सरकली पाहिजे.

क्रमालाही महत्त्व आहे. रुग्णाला वाटते, सूज हातावर आहे तर आधी हातच चोळावा. आम्ही सुरुवात करतो मानेच्या मुळापासून. नंतर दीर्घ श्वास घ्यायला लावून पोट, मग निरोगी बाजूची काख आणि जांघ, मग छाती व पाठ, त्यानंतर दंड आणि सर्वांत शेवटी पंजा. निचऱ्याची चारी उपसताना माणूस ती तोंडाकडून मोकळी करीत वर जातो. पुढे वाट नसताना मागून पाणी लोटून काय उपयोग? शस्त्रक्रियेने बंद झालेल्या काखेला वळसा घालून द्रव निरोगी बाजूच्या ग्रंथींकडे न्यायचा, हे या सगळ्या हालचालींमागचे सूत्र आहे. एका बैठकीला पाऊण ते एक तास लागतो.

सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख आहे. हेलसिंकीला १९५२ मध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे मारुती माने सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे. तेल लावून अंग रगडण्याची विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि थकलेल्या, निरोगी स्नायूंना तिचा उपयोगही होतो. परंतु लसिकाशोथाच्या हाताला ती चालत नाही. रगडल्याने त्या भागात रक्त अधिक येते, द्रव अधिक झिरपतो आणि नाजूक वाहिन्यांना इजा होते. सुजलेला हात घेऊन एखाद्या मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे जाऊन जोराने चोळून घेऊ नये, अशी माझी कुटुंबीयांना हात जोडून विनंती आहे.

मालिश हा चौथा हिस्सा

या उपचाराविषयी अवाजवी आशा निर्माण करणे मला उचित वाटत नाही. मालिश हा चार अंगांपैकी एक भाग आहे. दुसरे अंग पट्टीचे, तिसरे व्यायामाचे, चौथे त्वचेच्या निगेचे. मालिशीने हलवलेला द्रव परत साचू नये म्हणून हाताला कमी ताणाची पट्टी थरांनी बांधावी लागते. औषधाच्या दुकानात मिळणारे नेहमीचे क्रेप बँडेज या कामी पुरे पडत नाही. सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत आठवड्याला पाच दिवस उपचार आणि जवळजवळ दिवसभर पट्टी असा क्रम असतो. सूज उतरली की मापाने शिवलेली, दाब देणारी बाही दिवसा घालायची असते, आणि ती बहुधा कायमची.

२०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने स्तनाच्या कर्करोगानंतरच्या लसिकाशोथावरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. केवळ पट्टीने जादा सूज सुमारे ३० ते ३९ टक्के कमी होते आणि मालिशीची जोड दिल्यास त्यात आणखी सुमारे ७ टक्क्यांची भर पडते, असे त्यात आढळले. ज्यांची सूज सौम्य ते मध्यम होती, त्यांना हा जादा लाभ अधिक मिळाला. उपचार सुरक्षित असल्याचेही दिसून आले. याचा अर्थ सरळ आहे. पट्टी टाळून नुसती मालिश करून घेणे म्हणजे पाट उपसून बांध न घालणे होय. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, मुरगळल्यावर किंवा हाड सांधल्यावर येणाऱ्या सुजेसाठीही ही मालिश केली जाते. काहींना त्याने आराम पडतो, गुडघा लवकर वाकतो. मात्र तेथील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अशा रुग्णांनी व्यायाम आणि चालणे यांना अग्रस्थान द्यावे, मालिशीला पूरक मानावे.

काही प्रसंगी ही मालिश करूच नये. हात किंवा पाय एकाएकी लाल, गरम होऊन थंडी-ताप आला, म्हणजे ज्याला गावाकडे धावरे म्हणतात तसे काही झाले, तर तो जंतुसंसर्ग असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून प्रतिजैविके घ्यावीत, मालिश थांबवावी. पोटरीत अचानक दुखून पाय सुजला तर रक्ताची गुठळी असू शकते. हृदय वा मूत्रपिंड नीट काम करीत नसल्याने आलेली सूज निराळी असते. त्यातील द्रव हाताने ढकलला तर हृदयावरच भार पडतो. म्हणून प्रत्येक रुग्णाची सूज कशाची आहे हे डॉक्टरांनी ठरवल्यानंतरच आम्ही हात लावतो.

हत्तीरोगाचे रुग्ण

लसिकाशोथाचे जगातील सर्वांत मोठे कारण कर्करोग नाही, हत्तीरोग आहे. डासांमुळे पसरणारे कृमी लसिका वाहिन्यांत राहून त्या निकामी करतात. महाराष्ट्रात हा रोग प्रामुख्याने चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा अशा पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत आढळतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. आपला भाग त्या पट्ट्यात मोडत नाही. तरी खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यवसायातील कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यात राहतात, आणि त्यातील काही प्रांतांत हा रोग आहे. दूरवर आयुष्य काढून गावी परतलेल्या माणसाचा पाय सुजलेला असेल, तर ही शक्यता ध्यानात ठेवावी. भारताने २०२७ पर्यंत हत्तीरोग दूर करण्याचे उद्दिष्ट ठेवले असून त्यासाठी रोगग्रस्त जिल्ह्यांत सामूहिक औषधोपचार चालतो. औषधाने रोगाचा फैलाव थांबतो. जुनी सूज मात्र त्याने उतरत नाही.

तेथे उपयोगी पडते ती रोजची निगा. केरळातील कासरगोड येथील एका संस्थेने १९९९ पासून आयुर्वेद, योगासने, त्वचेची स्वच्छता आणि दाबपट्टी यांचा मेळ घालून खेड्यातील गरीब रुग्णांनाही घरी करता येईल असा उपचार बसवला आहे. त्यातील सर्वांत साधी गोष्ट म्हणजे पाय रोज साबणाने धुणे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे. बेचकीत पडलेल्या भेगेतून जंतू शिरतात, धावरे होते, आणि प्रत्येक वेळच्या संसर्गाने सूज एक पायरी वर चढते. एवढी निगा राखली तरी संसर्गाचे हल्ले कमी होतात.

घरी काय करावे?

काखेच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही हातांची मापे घ्यायला कुटुंबीयांनी शिकावे. मनगटापासून ठरावीक अंतरावर फितीने माप घेऊन वहीत लिहावे. दोन हातांत दोन सेंटिमीटरहून अधिक फरक दिसला, तर थांबू नये. भाजी चिरताना, चुलीपाशी, उसाच्या पाल्यात काम करताना त्या हाताला ओरखडा पडू न देण्याची काळजी घ्यावी. पडलाच तर धुऊन मलम लावावे. स्वतः करावयाची हलकी मालिश आम्ही रुग्णाला आणि घरातील एका व्यक्तीला शिकवतो. रोज वीस मिनिटे पुरतात.

“आता हा हात जपून ठेवायचा का?” असे अनेक भगिनी विचारतात. ज्या घरात धारा काढायच्या, पाणी भरायचे, खुरपायचे काम तिच्यावाचून अडते, तेथे हा प्रश्न पोटापाण्याचा असतो. पूर्वी अशा स्त्रियांना जड उचलण्याची सक्त मनाई असे. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट तिच्या भडकण्याचे प्रसंग कमी झाले, असे आढळले. हात निकामी समजून बाजूला ठेवू नये. एकदम भरलेली घागर उचलू नये, पण शिकवलेल्या क्रमाने बळ वाढवावे, बाही घालावी आणि कामाला लागावे.

विश्वस्तांपुढे व दात्यांपुढे

शेवटी एक निवेदन. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी खाटा राखून ठेवण्याची व्यवस्था कायद्याने झाली आहे. परंतु आमचा हा रुग्ण खाटेवर नसतो, त्यामुळे खाटांच्या हिशेबात तो दिसत नाही. त्याला अडचण येते ती निराळी. माण किंवा जत तालुक्यातील गावातून आठवड्याला पाच दिवस, तीन-तीन आठवडे येणे म्हणजे एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतीला येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी. पट्ट्यांचा संच आणि बाही विकत घ्यावी लागते. बाही सैल झाली की पुन्हा नवी. पुष्कळ रुग्ण उपचार अर्धवट सोडतात ते बरे वाटले म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. आणि अर्धवट सोडलेली सूज फिरून येते.

म्हणून तीन गोष्टींचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. दूरच्या गावांतील रुग्णांना उपचाराच्या काळात सोबत्यासह राहण्याची सोय व्हावी. पट्ट्या व बाह्या यांसाठी वेगळा निधी असावा. आणि आणखी काही भौतिकोपचार तज्ज्ञांना या पद्धतीचे रीतसर शिक्षण मिळावे, कारण एका तासात एकच रुग्ण होतो आणि हातांची संख्या मोजकी आहे. या तिन्ही गोष्टींत इमारत बांधावी लागत नाही, की कोनशिला बसवावी लागत नाही. देणगीदाराचे नाव कोरायला येथे भिंत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु कर्करोगातून वाचलेली एखादी स्त्री उरलेले आयुष्य दोन्ही हातांनी काम करीत जगावी, एवढे या निधीतून साधू शकते.

आपल्या घरी, आळीत किंवा नात्यात अशी सूज अंगावर काढणारी कोणी भगिनी असेल, तर तिला एकदा आमच्या विभागात घेऊन या, एवढे सांगून मी थांबते.